प्लॉटिंगवाला दारात आलाय: कालव्याखालच्या चार एकरांचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याजवळ लोणी काळभोर-थेऊरच्या पट्ट्यात वडिलोपार्जित चार एकर. त्यातली अडीच एकर कालव्याच्या पाण्यावर, बाकीची विहीर आणि बोअरवर. वडील वारले, सातबाऱ्यावर आई, दोन भाऊ आणि दोन बहिणी. शेजारच्या गटात प्लॉटिंग पडलंय. एजंट म्हणतो, 'दोन-दोन गुंठे पाडून विकून देतो, एकरी भाव बिल्डरपेक्षा जास्त.' एक बिल्डर निम्म्या-निम्म्या भागीदारीवर बसायला तयार आहे. धाकट्या भावाला मात्र शेतीच करायची आहे. विकावी, विकसित करावी की राखावी?

दराचा आकडा काही दिवस बाजूला ठेवा. एजंट बिल्डरपेक्षा जास्त भाव का देऊ शकतो, ते आधी बघा. त्याच्या हिशेबातच निम्मं उत्तर आहे.

चार एकर म्हणजे १६० गुंठे, १,७४,२४० चौरस फूट. रीतसर रेखांकन मंजूर करून घेतलं तर दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते, ती झाली १६ गुंठे. आतले रस्ते १५० मीटर लांबीपर्यंत ९ मीटर रुंद आणि त्यापुढे ३०० मीटरपर्यंत १२ मीटर. गट चौरस आहे की लांबट पट्टी आहे त्यावर अवलंबून यात ३८ ते ४५ गुंठे जातात. ट्रान्सफॉर्मरची जागा, वाकडे कोपरे, ओढ्याकडेची सोड यांत आणखी चार-सहा. हातात विकण्याजोगे उरतात ९३ ते १०२ गुंठे. वर रस्ता, गटार, विजेचे खांब यांचा खर्च. एजंट यातलं काहीच करत नाही. पाच मीटरचा मुरमाचा रस्ता ओढतो, मोकळी जागा शून्य, आणि १६० पैकी १३५ गुंठे विकतो. हे वरचे तीस-चाळीस गुंठे, जे खरं तर रस्ता आणि मैदान व्हायला हवे होते, त्यातला थोडा वाटा तुम्हाला देऊन तो जास्त भाव दाखवतो. उद्या नोटीस येते ती सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला. एजंटाचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. तो तुमच्याकडून कुलमुखत्यारपत्र घेतो ते त्यासाठीच.

आता तुकडेबंदी. १९४७ च्या कायद्यानुसार प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडता येत नाही. ऑगस्ट २०२३ पासून हे क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. म्हणून बाजारात 'अकरा गुंठ्यांचा सामाईक सातबारा' ही युक्ती निघाली: पाच-सहा जणांची नावं एका खरेदीखतावर, जमिनीवर चुन्याने आखलेले दोन-दोन गुंठे, आणि कागदावर सगळे अविभक्त हिस्सेदार. वाटप नाही, हद्द नाही, नकाशा नाही. त्यातल्या एकाने बँकेत कर्ज मागितलं की बाकीच्या सगळ्यांच्या सह्या लागतात. अशी विक्री एकाच गटात चार-पाच वेळा झाली, की मूळ मालकाच्या उरलेल्या क्षेत्राची साधी मोजणी करायची तरी पंचवीस जणांना नोटिसा काढाव्या लागतात. शिवाय कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही. त्या यादीतला एखादा शेतकरी नसल्याचं निघालं, तर तो व्यवहारच बेकायदा ठरवण्याची कारवाई होऊ शकते.

'आता तुकडेबंदी उठली' असं एजंट छातीठोकपणे सांगतात. त्यात अर्धंच खरं आहे. नोव्हेंबर २०२५ च्या अध्यादेशाने १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंत झालेले जुने तुकड्यांचे व्यवहार, तेही शहरी आणि बिगरशेती वापरासाठी नेमलेल्या क्षेत्रांतले, अधिमूल्य न घेता नियमित करायची वाट मोकळी केली. शेती विभागात आज नवा तुकडा पाडायला त्याने परवानगी दिलेली नाही. विनापरवाना पाडलेले प्लॉट नियमित करणारा गुंठेवारीचा २००१ चा कायदाही तसाच: २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली, त्यापुढच्या प्लॉटिंगला त्यात थारा नाही. 'पुढे कधीतरी नियमित होईल' या आशेवर आज प्लॉट विकणं म्हणजे ती जोखीम घेणाऱ्याच्या गळ्यात बांधणं. तो घेणारा बहुधा हडपसरच्या एखाद्या कंपनीत काम करणारा, आयुष्याची पुंजी लावणारा माणूस असतो.

विभाग कोणता, हे एजंटाच्या मोबाइलमधल्या रंगीत नकाशावरून ठरवू नका. पुण्याभोवतीच्या गावांत याच एका गोष्टीने सगळ्यात जास्त लोक फसले. पीएमआरडीएचा (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा) प्रारूप विकास आराखडा जुलै २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पिवळा रंग पडला म्हणून कितीतरी गटांत 'आर झोन' म्हणजे निवासी विभाग सांगून विक्री झाली. तो आराखडा कधी अंतिम झालाच नाही. २०२५ मध्ये सरकारने रद्द केला. तेव्हा गटाचा क्रमांक टाकून झोन दाखला आणि भाग नकाशा यांची प्रमाणित प्रत अर्ज करून घ्या, आणि त्यावर कुठल्या मंजूर योजनेचा आधार दिलाय ते वाचा. 'प्रारूप' शब्द दिसला तर तो दाखला व्यवहारासाठी धरू नका. त्याच वेळी गटातून प्रादेशिक योजनेचा रस्ता, ११० मीटरच्या रिंगरोडची आखणी, उच्चदाब वाहिनी किंवा ओढ्याची पूररेषा जाते का तेही पाहा. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत जमीन असेल तर महसूल संहितेच्या कलम ४२ ड चा फायदा मिळू शकतो, मग हिशेब बदलतो.

कागद. सातबारा सगळे काढतात, 'इतर हक्क' हा रकाना मात्र फार थोडे लोक वाचतात. त्यात कुळाचं नाव, सोसायटीचा बोजा, 'पुनर्वसनासाठी राखीव' असा शेरा (हवेली, खेड, दौंड तालुक्यांत धरणग्रस्तांसाठी असे शेरे बरेच आहेत), विहिरीतला हिस्सा, वहिवाटीची नोंद असं सगळं असतं. जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी, असेल तर ती तशी का आहे हे फेरफारावरून शोधा. कूळकायद्याने मिळालेली जमीन असेल आणि ३२ म चं (कुळाला जमीन विकत मिळाल्याचं) प्रमाणपत्र होऊन दहा वर्षं झाली असतील, तर आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) चाळीस पट नजराणा भरून ती मोकळी होते, रक्कम किरकोळ असते. वतनाची जमीन असेल तर नजराणा बाजारमूल्याच्या टक्क्यांत जातो आणि व्यवहाराचं गणितच उलटतं. देवस्थान इनाम वर्ग ३ असेल तर विक्रीचा विषयच सोडा. १९३० पासूनचे फेरफार एकामागे एक लावून घ्या, एखादा फेरफार मध्येच गायब असेल तर तिथेच पुढे दावा उभा राहतो.

बहिणींबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण घरात ते बोललं जात नाही. २००५ ची दुरुस्ती आणि सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०२० चा निकाल यांनंतर मुलींचा हक्क जन्मतः आणि भावाइतकाच आहे, वडील कधी वारले याने फरक पडत नाही. तुमच्या घरात आईसह पाच जण आहेत, आणि वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर प्रत्येकाच्या वाट्याला सरळ ३२ गुंठे येतात. 'बहिणी सोडून देतील' असं गृहीत धरून एजंटाकडून विसार घेऊ नका. सोडणार असतील तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र आधी, व्यवहार नंतर. जमिनीचा भाव कळल्यावर कोणाचंही मन बदलू शकतं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

यानंतरचं काम मोजणीचं. भूमिअभिलेख कार्यालयात हद्दकायम मोजणीचा अर्ज करा आणि मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत हातात येईपर्यंत कुणाशीही गुंठ्याच्या भावाने बोलू नका. सातबाऱ्यावरचं क्षेत्र, नकाशातलं क्षेत्र आणि प्रत्यक्ष वहिवाट यांत चार-सहा गुंठ्यांचा फरक पडणं नेहमीचंच आहे. रस्ता रुंद झालेला असतो, शेजाऱ्याचा बांध सरकलेला असतो, ओढ्याने कड खाल्लेली असते. शेजारच्या प्लॉटिंगने कंपाउंड घालण्यापूर्वी मोजणी झाली तर खुणा जागेवर दाखवता येतात. कंपाउंड झाल्यावर तीच गोष्ट कोर्टात जाते.

आता धाकट्या भावाच्या शेतीकडे येतो. शहराजवळची शेती बहुतेक वेळा विक्रीने मरत नाही. ती मरते चारी आणि वाट बंद झाल्याने. शेजारचा गट प्लॉटवाल्याने घेतला की तो आधी सपाटीकरण करतो. त्यात पोटचारी बुजते, पाणंदीवर गेट बसतं, ओढ्यात राडारोडा पडतो. वरच्या अंगाला घरं झाली की सांडपाणी शेतात उतरतं. चारीवर दहा शेतकरी होते तेव्हा पाटकऱ्याला आवर्तनात पाणी सोडणं भाग होतं. तिथे दोनच उरले की शेवटच्या माणसापर्यंत बारी पोचत नाही. मग 'इथे शेती परवडत नाही' असं म्हणून तोही विकतो. पिकं परवडत असताना पाणी आणि ट्रॅक्टरची वाट यांनी हार पत्करलेली असते.

याला उपाय आहेत, पण पहिला मुदतीचा आहे. चालू वहिवाटीची वाट किंवा पाट कोणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दावा करता येतो, मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. सातव्या महिन्यात गेलात तर दिवाणी कोर्ट, आणि तिथे वर्षं मोजावी लागतात. वाटच नसेल तर महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. दुसऱ्याच्या जमिनीतून पाट काढायचा असेल तर कलम ४९ आहे. म्हणून आजच चारीचे, वाटेचे, ओढ्याचे फोटो तारखेसह काढून ठेवा, बाजूला ट्रॅक्टर उभा करून काढा म्हणजे रुंदी दिसते. पाण्याची मागणी दर हंगामाला नमुना ७ भरून करा, पाणी येवो न येवो. पाणीपट्टीच्या पावत्या जपा. पुढे 'इथे सिंचन नव्हतंच' असं कोणी म्हणालं तर याच पावत्या पुढे करता येतील.

पाणी कोणत्या कालव्याचं आहे, हेही बघा. नवा मुठा उजवा कालवा खडकवासल्याचं धरणाचं पाणी आणतो. त्याच भागात 'बेबी कॅनॉल' म्हणतात त्या जुन्या कालव्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचललेलं, शहरातलं प्रक्रिया केलेलं म्हणवलं जाणारं सांडपाणी येतं. फेस, वास आणि वाफ्यावर पाणी सुकल्यावर राहणारा पांढरट थर यांवरून फरक कळतो, तरी अंदाजावर थांबू नका. पाण्याची आणि मातीची तपासणी करा. पाण्याची क्षारता म्हणजे ईसी ०.७५ पर्यंत असेल तर निर्धास्त, २.२५ च्या वर गेली तर काळ्या जमिनीत ते पाणी नुसतं देत राहिलात की चार-पाच वर्षांत जमीन खारवट होते. सांडपाण्यावर कोथिंबीर, पालक, मुळा असं कच्चं खाल्लं जाणारं काही घेऊ नका. तिथे चारा, फुलं, रोपवाटिका ठीक. धरणाच्या पाण्याची खात्री हळूहळू कमी होत जाणार हेही धरून चाला. खडकवासला साखळीतली चारही धरणं मिळून साधारण २९ टीएमसी भरतात, शहराची मागणी वाढत चालली आहे, आणि तुटवड्यात आधी कापलं जातं ते शेतीचं आवर्तन.

अशा जमिनीवर ऊस ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने जमीन आणि पाणी अडवतो आणि शहराच्या जवळ असण्याचा त्याला काडीचा फायदा नाही. मेथी महिन्याभरात, कोथिंबीर चाळीसेक दिवसांत निघते. झेंडू-शेवंती सणाला मिळवता येते. सोरतापवाडी, उरुळी कांचनच्या रोपवाटिका याच पुणे-सोलापूर रस्त्यावर उभ्या राहिल्या, कारण त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे शहरातल्या सोसायट्या आणि बंगले. शहर जवळ आल्याचा जिथे फायदा होतो अशीच पिकं इथे टिकतात. मजूर, भटकी कुत्री, रात्री मोटरच्या केबलची चोरी, पिकात येऊन पडणाऱ्या दारूच्या बाटल्या हे सगळं मात्र धरूनच चालावं लागतं.

माझ्या मते तुमच्या घराला चारही एकर विकायची गरज नाही आणि चारही राखणं जमणारही नाही. धाकट्या भावाचे ३२ आणि आईचे ३२ मिळून ६४ गुंठे, म्हणजे एक एकर २४ गुंठे, कालवा आणि विहिरीच्या बाजूला सलग घ्या. उरलेले ९६ गुंठे रस्त्याच्या बाजूला, सलग. वाटप तहसीलदाराकडे महसूल संहितेच्या कलम ८५ खाली किंवा नोंदणीकृत वाटपपत्राने करा, आणि पोटहिस्सा मोजणी करून सातबारे वेगळे करा. प्रत्येक हिस्सा प्रमाणभूत क्षेत्राच्या वर असल्याने तुकडेबंदीची अडचण येत नाही. वाटपपत्रात नकाशा जोडून तीन गोष्टी फुटांत लिहा: विकल्या जाणाऱ्या भागातून शेताकडे जाणारी बारा फुटी वाट (ट्रॉलीसह ट्रॅक्टर वळायला त्याहून कमी पुरत नाही), चारीसाठी दोन्ही काठांसह सोडलेली पट्टी, आणि विहिरीतला हिस्सा व वीजजोड कोणाच्या नावे. तिन्हीची नोंद इतर हक्कांत करून घ्या आणि पुढच्या खरेदीखतात शब्दशः उतरवा. 'वाट आहे ती तशीच राहील' असं मोघम वाक्य लिहिलंत तर कंपाउंड झाल्यावर त्याचा उपयोग होत नाही.

त्या ९६ गुंठ्यांचं काय, तर पर्याय असे.

सरळ विक्री सगळ्यात साधी. बिल्डरची भागीदारी कागदावर जास्त पैसे दाखवते, पण 'निम्मं-निम्मं' कशाचं हे विचारा. बांधलेल्या क्षेत्राचं की विक्रीच्या पैशाचं? मूळ चटईक्षेत्राचं (एफएसआयचं) की अधिमूल्य भरून घेतलेलं आणि टीडीआरचं (दुसरीकडून विकत आणलेल्या बांधकाम हक्काचं) धरून? पार्किंग कोणाचं? विकसन करारनाम्यावर खरेदीखतासारखंच मुद्रांक शुल्क लागतं, ते आणि जीएसटी कोण भरणार? ताबा देताना 'विकसनापुरती परवानगी' असे शब्द ठेवा, मालकीचा ताबा नको. कुलमुखत्यारपत्रात जमीन गहाण ठेवण्याचा अधिकार अजिबात देऊ नका. अडकलेल्या कितीतरी प्रकल्पांत मालकाच्या जमिनीवर बिल्डरचं कर्ज बसलेलं असतं, आणि मालकाला ते बँकेच्या नोटिशीवरून कळतं. बांधकाम परवानगी किती महिन्यांत, भोगवटा प्रमाणपत्र किती वर्षांत, आणि न झाल्यास करार आपोआप रद्द होऊन अनामत परत न करता जमीन मोकळी, हे तारखांसह हवं. तरीही रद्द करण्याचा नोंदणीकृत दस्त लागतोच, म्हणून त्यावर बिल्डरची सही आधीच घेऊन तो त्रयस्थ वकिलाकडे ठेवण्याची पद्धत चांगली. आणखी एक: क्षेत्रात किंवा उत्पन्नात वाटा घेणारा जमीनमालक महारेराच्या, म्हणजे राज्याच्या बांधकाम-व्यवसाय नियामकाच्या, दृष्टीने सह-प्रवर्तक ठरतो. फ्लॅटधारकाची तक्रार तुमच्यावरही येऊ शकते.

साखरेच्या पोत्यासारखी जमीन थोडी थोडी काढून द्यायची असेल तर साखळी साठेखत करू नका. एजंट दहा टक्के देऊन चार एकरांचं साठेखत नोंदवतो आणि प्लॉट विकून आलेल्या पैशातून तुम्हाला हप्ते देतो. बाजार थंडावला की हप्ते थांबतात, साठेखत मात्र नोंदलेलं राहतं आणि दुसरा कोणी ती जमीन घ्यायला धजत नाही. त्याच दरम्यान त्याने मुरूम टाकलेला असतो. हे नीट समजून घ्या: रस्ता आखताना जेसीबी आधी वरची फूट-दीड फूट काळी माती ओढून बांधाला लावतो, ती ट्रॉल्यांनी बाहेर जाते. मग उघड्या पडलेल्या मुरमावर बाहेरचा अर्धा फूट मुरूम, पाणी आणि रोलर. व्यवहार फिसकटल्यावर ती पट्टी परत पिकाखाली आणायची तर मुरूम खरवडणं, सबसॉयलरने दोन फूट फोडणं, गाळाची माती आणि शेणखत भरणं, आणि तरी पहिले दोन-तीन हंगाम पीक पिवळंच. वर गौण खनिजाचा परवाना न घेता उकरल्याबद्दल महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, तोही सातबाऱ्यावरच्या नावाला. म्हणून पूर्ण मोबदला आणि मंजुरी यांच्या आधी एकही टिपर आत येता कामा नये. गेटला कुलूप तुमचं असावं.

नगररचना योजना, म्हणजे टीपी, हा मला व्यक्तिशः सगळ्यात न्याय्य वाटणारा मार्ग. त्यात सगळ्या मालकांच्या जमिनी एकत्र धरून रस्ते, शाळा, बागा काढतात आणि प्रत्येकाला आखीव-रेखीव अंतिम भूखंड परत देतात. माण-म्हाळुंग्याच्या सुमारे २५० हेक्टरच्या योजनेत मालकांना निम्मी जमीन परत मिळण्याचं सूत्र होतं. निम्मी गेली असं वाटतं, पण उरलेली निम्मी रुंद रस्त्यावरची, पाणी-ड्रेनेजसह असते. तुमच्या गावात टीपीचा इरादा जाहीर झाला तर मालकांच्या सभेला घरातलं कोणीतरी गेलंच पाहिजे. नमुना १ मध्ये तुमच्या मूळ भूखंडाचं क्षेत्र, विहीर, झाडं, पाइपलाइन यांची किंमत आणि विकास अंशदान लिहिलेलं असतं. क्षेत्र चुकलं तर ते प्रारूपाच्या टप्प्यावर हरकत घेऊन किंवा लवादासमोर सुटतं, नंतर नाही. अडचण वेळेची: कायद्यातल्या मुदती महिन्यांत आहेत, प्रत्यक्षात वर्षं जातात. तोवर शेती चालू ठेवता येते, ही त्यातली जमेची बाजू.

मगरपट्ट्याचं उदाहरण प्रत्येक बैठकीत निघतं. हडपसरला सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी सुमारे चारशे एकर एकत्र करून स्वतःची कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले, आणि वीट-वाळूच्या पुरवठ्यापासून ठेकेदारीपर्यंतची कामं घरच्या पोरांनी केली. पुढे नांदेड सिटीही याच धर्तीवर झाली. पण ते जमलं कारण जमीन सलग होती, बहुतेक भावकी एका आडनावाची होती, आणि सगळ्यांचा विश्वास असलेला माणूस पुढे होता. एकात्मिक नगर वसाहतीला किमान ४० हेक्टर, म्हणजे शंभर एकर लागतात. शिवारातल्या पन्नास-साठ खातेदारांना एका सतरंजीवर बसवता येत असेल तर जरूर करा. एकट्या चार एकरांना तो मार्ग नाही. आणि शिवारात मध्ये-मध्ये दोन गुंठ्यांची प्लॉटिंगं पडली की पुढे कोणालाच नाही.

कर. 'शेतजमिनीला टॅक्स नाही' हे वाक्य तुमच्याकडे लागू नाही. दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या पालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत ८ किलोमीटरच्या आतली शेतजमीन भांडवली मालमत्ता धरली जाते. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आल्यावर ही रेघ बरीच पुढे सरकली. दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के, किंवा २३ जुलै २०२४ पूर्वीची जमीन असल्याने महागाई निर्देशांक लावून २० टक्के, यातलं कमी पडेल ते. जुन्या जमिनीची किंमत १ एप्रिल २००१ ची धरता येते, त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्या. समजा एक एकर दोन कोटींना गेली आणि २००१ ची किंमत चार लाख निघाली. पाच जणांत वाटून प्रत्येकाचा नफा ३९ लाख २० हजार, त्यावर कर चार लाख नव्वद हजार आणि चार टक्के उपकर. तीच रक्कम एकट्याच्या नावावर आली तर १५ टक्के अधिभारही बसतो. सातबारे आधी वेगळे करण्याचं हेही एक कारण.

सवलत प्राप्तिकर कायद्याच्या कलम ५४ ब ची: विक्रीपूर्वी दोन वर्षं जमिनीत शेती होत असेल आणि विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली तर तेवढा नफा करमुक्त. नवी जमीन तीन वर्षं विकायची नाही, आणि विवरणपत्राच्या तारखेपर्यंत घेतली नसेल तर पैसे बँकेच्या कॅपिटल गेन खात्यात ठेवायचे, साध्या मुदत ठेवीत नाही. एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात, सीएशी बोलताना जुना-नवा दोन्ही सांगा. बिल्डरशी नोंदणीकृत विकसन करारनामा असेल तर व्यक्तीला कर पूर्णत्वाचा दाखला मिळाल्याच्या वर्षी लागतो. पण आपल्या वाट्याचे फ्लॅट त्याआधीच विकलेत तर ही सोय जाते. रिंगरोडसारख्या कामात जमीन २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली गेली तर मोबदला करमुक्त असतो, त्याची गल्लत खासगी विक्रीशी करू नका.

दौंड, इंदापूर, करमाळ्याकडे बदली जमीन घेताना घाई होते, कारण दोन वर्षांचं घड्याळ चालू असतं. तिथलाही सातबारा, इतर हक्क, वाट आणि पाणी याच कसोट्यांनी पाहा. एप्रिल-मे महिन्यात विहीर बघा, पावसाळ्यात सगळ्याच विहिरी भरलेल्या दिसतात.

या आठवड्यात करण्यासारखं एक काम आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. ई-पीक पाहणीच्या ॲपवर चारही एकरांतलं उभं पीक, विहीर, बोअर आणि बांधावरची झाडं बांधावर उभं राहून फोटोसह नोंदवा, आणि दर हंगामाला नोंदवत राहा. सातबाऱ्याच्या बाराव्या नमुन्यात पडीक असं पडलं, की ५४ ब ची सवलत मागताना दोन वर्षांची शेती दाखवायला कागद उरत नाही, संपादनात बागायतीऐवजी जिरायतीचा दर लागतो, आणि झाडांचा मोबदला मागायला पुरावा राहत नाही. बहिणींनाही त्या दिवशी शेतावर बोलवा, मोजणीच्या अर्जावर त्यांच्याही सह्या लागणारच आहेत.